डीबी स्पेक्ट्रम प्लसचा ॲडॉप्टर हात लावू देत नाही, वीस मिनिटांत रीसेट होतो, काय करू?

भुसावळ_जंक्शन

नमस्कार मंडळी, पोस्ट मोठी आहे, वेळ काढून वाचा प्लीज. माझ्या मामांकडे डीबी स्पेक्ट्रम प्लस हा टीव्हीला लावायचा जुना घरगुती कॉम्प्युटर होता, तोच जो डेसिबेल्सवाल्यांनी इंग्लंडच्या सिंक्लेअर कंपनीचं लायसन्स घेऊन १९८६ पासून भारतात विकला. मामा आता रिटायर झाले, घर आवरताना माळ्यावरून खोक्यासकट निघाला आणि त्यांनी तो मला दिला. जुन्या टीव्हीला लावला, चॅनल ट्यून केलं आणि खाली सिंक्लेअर रिसर्च १९८२ ची ओळ आली तेव्हा मामा शेजारीच बसले होते, त्यांच्या तोंडून शब्द फुटेना.

आता प्रॉब्लेम. पंधरा-वीस मिनिटं एकदम झकास चालतो. मग चित्रावर आडव्या फिकट पट्ट्या हळूहळू वर सरकायला लागतात, अक्षरं थरथरतात आणि अचानक रीसेट. कॅसेटवरून काही लोड करत असलो तर सगळं पहिल्यापासून. ॲडॉप्टर इतका तापतो की हातात धरवत नाही, वार्निश जळाल्यासारखा वासही येतो. कॉम्प्युटरची आतल्या हीटसिंकवरची (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पत्र्यावरची) बाजूसुद्धा चांगलीच गरम लागते.

ॲडॉप्टर ओरिजिनल नाहीये. मूळचा केव्हातरी गेला तेव्हा मामांनी एका दुकानातून बनवून घेतला होता, पत्र्याचा डबा आहे, वर मार्करने ९ व्होल्ट दीड ॲम्पियर लिहिलंय. कॉम्प्युटरला न लावता नुसत्या पिनवर मल्टिमीटर लावला तर १५.१ दाखवतो. ९ चा आहे तर १५ कसे काय? त्यामुळेच तापतंय का? आमच्याकडे सध्या ४४ डिग्री आहे, रात्री दहा वाजतासुद्धा भिंती गरम लागतात. एक जण म्हणाला मागून केसला भोक पाडून छोटा फॅन लाव. मामांच्या मशीनला ड्रिल लावायची माझी अजिबात इच्छा नाही. काय करावं सांगा.

पेठेतला_सोल्डर

भोक पाडू नका, फॅनने हा रोग जाणार नाही. आणि आधी तो ॲडॉप्टर भिंतीवरच्या बोर्डवरून काढून ठेवा, मग पुढचं वाचा. वार्निशचा वास म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगवरचं इन्सुलेशन भाजतंय. आत थर्मल फ्यूज असला तर तो उडेल आणि विषय संपेल, पण गल्लीतल्या दुकानात बनवलेल्या डब्यात तो असेलच याची खात्री नाही. नसेल तर वाइंडिंग शॉर्ट होईपर्यंत तापत राहील. निदान माणूस समोर नसताना तरी तो कधीही प्लगमध्ये ठेवू नका. स्पेक्ट्रमला ऑन-ऑफचं बटण नाही, प्लसला बाजूला आहे ते रीसेटचं, त्यामुळे खूप लोक मशीन बंद म्हणजे नुसती पिन उपटून ठेवतात आणि ॲडॉप्टर तिकडे रात्रभर चालू. बोर्डचं बटण बंद करायचं.

आता १५ कसे. हा साधा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि एक मोठा कपॅसिटर असा प्रकार आहे, व्होल्ट स्थिर ठेवणारं रेग्युलेशन काहीच नाही. सिंक्लेअरचा मूळचा पण असाच, ९ व्होल्ट १.४ ॲम्पियर, म्हणजे १.४ ॲम्पियर ओढल्यावर ९ मिळणार. काहीच ओढलं नाही तर तोसुद्धा १२ च्या वर दाखवतो. त्यामुळे रिकाम्या पिनवरच्या आकड्यावरून काही ठरवू नका, मशीन चालू असताना मोजा. तरी १५ मला जास्त वाटतात, ट्रान्सफॉर्मर बहुतेक जास्त व्होल्टचा घातलाय. त्यात वीजबोर्डाचा दाब २३० चा २५० झाला की त्याच प्रमाणात हापण वर जातो.

आतली उष्णता कुठून येते तेही समजून घ्या, कारण सगळं त्यावर आहे. आत ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर ॲल्युमिनियमच्या पत्र्याला स्क्रूने कसलेला असतो. त्याला ५ व्होल्ट द्यायचेत. वर जे काही येतं ते तो जाळून टाकतो, अक्षरशः उष्णता करून. हिशोब सोपा, आलेले व्होल्ट वजा ५, गुणिले करंट. ४८के (४८ किलोबाइट मेमरीचं) मशीन ५ व्होल्टवर साधारण पाऊण-एक ॲम्पियर खातं, आपण ०.८ धरू. ९ आले तर ४ गुणिले ०.८, म्हणजे ३.२ वॅट. १२ आले तर ५.६ वॅट. म्हणजे ३ व्होल्ट वाढले की पावणेदोन पट उष्णता, आणि काम तेवढंच. ही उष्णता बंद प्लॅस्टिकच्या केसमध्ये, जिथे हवा खेळायला जागाच नाही. ७८०५ आतल्या आत १२५ डिग्रीपर्यंत चालतो असं डेटाशीट म्हणतं, त्याच्यापुढे तो स्वतःला वाचवायला आउटपुट पाडतो. इंग्लंडमधल्या खोलीतल्या २० डिग्रीला हे डिझाइन निभावून जात होतं. तुमच्या भुसावळला सुरुवातच ४० वरून होते, म्हणजे हीटसिंकचे हक्काचे वीस डिग्री तिथेच गेले.

पण तुमच्या पट्ट्या वर सरकतायत ना, त्याचा मला वेगळा संशय आहे. तो नुसत्या तापण्याचा प्रकार नाही, ॲडॉप्टरमधला फिल्टर कपॅसिटर सुकलाय. दोन मापं घेऊन द्या. एक, मशीन चालू असताना ॲडॉप्टरच्या आउटपुटला डीसी किती. दोन, त्याच जागी मल्टिमीटर एसी रेंजवर टाकून, एका प्रोबच्या मालिकेत १ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर (कोणत्याही बाजूने लावता येणारा) कपॅसिटर घालून, एसी किती. स्वस्त मीटर डीसीसुद्धा एसी समजून दाखवतात म्हणून तो कपॅसिटर. मापं झाली की लगेच बंद. आणि ॲडॉप्टरचा डबा उघडून मोजू नका, आत २३० आहे, वायर सोलून किंवा पिनच्या मागे मोजा.

रेट्रो_रश्मी

दादांनी ७८०५ चं बरोबर सांगितलंय, पण मी म्हणते तो जाळणारा रेग्युलेटर ठेवायचाच कशाला? आता त्याच्या जागी स्विचिंग रेग्युलेटर मिळतात, तेच तीन पाय, त्याच क्रमाने. ट्रॅकोचा टीएसआर १-२४५० किंवा रेकॉमचा आर-७८ई५.०-१.०, दोन्ही १ ॲम्पियरचे. एफिशियन्सी नव्वद टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ५ व्होल्टवर ४ वॅट द्यायला जेमतेम अर्धा वॅट वाया. हीटसिंकच लागत नाही. माझ्या स्पेक्ट्रममध्ये मी टीएसआर लावलाय, तासन् तास चालवून कीबोर्ड थंडगार.

आणि दुसरा फायदा कोणी सांगत नाही. ७८०५ मध्ये जेवढा करंट बाहेर तेवढाच आत ओढला जातो, ५ व्होल्टला ०.८ द्यायचे तर ॲडॉप्टरकडून पण ०.८ च. स्विचिंगमध्ये पॉवरचा हिशोब चालतो, त्यामुळे ९ व्होल्टवरून अर्ध्या ॲम्पियरच्या आत काम होतं. म्हणजे बाहेरचा ॲडॉप्टरही थंड राहतो. एक पार्ट बदलून दोन्हीकडची उष्णता कमी.

उन्हाळ्यात मी अकोल्याला माहेरी मशीन घेऊन जाते, तिथला मे महिना तुमच्यापेक्षा कमी नाही, पण त्रास नाही.

नाना_न्यूजर्सी

भुसावळकर, मशीन बघून फार आनंद झाला, मी शाळेत असताना आमच्या गल्लीत एकाच घरी स्पेक्ट्रम होता आणि आम्ही रांग लावून बसायचो.

माझ्याकडे इथे कमोडोर ६४ आहे, त्याचा अनुभव जोडतो कारण हे धागे नंतर दुसरे लोकही वाचतात. कमोडोरमध्ये ५ व्होल्टचा रेग्युलेटर मशीनमध्ये नसून बाहेरच्या ॲडॉप्टरमध्येच आहे, सोबत ९ व्होल्ट एसी वेगळे. आणि तो सगळा ॲडॉप्टर आतून इपॉक्सी ओतून ठोकळा करून टाकलेला, उष्णतेला बाहेर यायला वाटच नाही आणि दुरुस्तीलाही नाही. तो रेग्युलेटर वर्षानुवर्षं भाजून गेला की बंद पडत नाही, उलट ५ च्या जागी ६-७-८ व्होल्ट सोडायला लागतो आणि पहिल्या झटक्याला रॅमच्या चिप उडवतो. त्यामुळे कमोडोरवाल्यांनी जुना ठोकळा थंड ठेवायच्या मागे लागूच नये, नवीन सप्लाय घ्यावा. अगदीच जुना वापरायचा तर मधे ओव्हरव्होल्टेजला तोडणारं छोटं सर्किट लावावं. स्पेक्ट्रमचं त्या मानाने बरं, ॲडॉप्टर बिघडला तरी मधे ७८०५ उभा आहे.

आणि अमेरिकेतून कोणी जुनं मशीन भारतात नेणार असेल तर एक लक्षात ठेवा. स्टेपडाउन लावून २३० चे ११० केले तरी फ्रिक्वेन्सी ५० च राहते, ६० होत नाही. इथले ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेले असतात, ५० वर त्यांच्या लोखंडी कोअरमध्ये फ्लक्स (चुंबकी प्रवाह) वीस टक्के जास्त होतो, कोअर सॅच्युरेशनकडे जातो, आणि ट्रान्सफॉर्मर काही लोड नसतानासुद्धा तापतो. लेबलवर ५०/६० असं दोन्ही लिहिलेलं असेल तरच लावा.

पेठेतला_सोल्डर

नानांचं म्हणणं शंभर टक्के खरं, कमोडोरचा ठोकळा हा वेगळाच प्राणी.

रश्मीताई, टीएसआरला माझा विरोध नाही, मी स्वतः लावून दिलेत. पण त्या जुन्या पत्र्याच्या ॲडॉप्टरसोबत लावायला मी ठाम नको म्हणेन, आणि कारण सांगतो. स्पेक्ट्रममध्ये ७८०५ शिवाय अजून एक छोटा सप्लाय आहे. खालच्या १६के रॅमच्या ४११६ चिपना तीन व्होल्टेज लागतात, ५, १२ आणि उणे ५. ते १२ आणि उणे ५ आत एक कॉइल आणि टीआर-४, टीआर-५ अशा दोन ट्रान्झिस्टरवर तयार होतात, आणि ते सर्किट ॲडॉप्टरच्या कच्च्या ९ वरच चालतं, ७८०५ च्या मागून नाही. ते बूस्ट सर्किट आहे. व्होल्टेज वाढवू शकतं, कमी करू शकत नाही. आता तुम्हीच म्हणालात की टीएसआरने ॲडॉप्टरवरचा लोड निम्मा होतो. लोड निम्मा झाला की असा विनारेग्युलेशनचा ॲडॉप्टर वर चढतो. यांचा रिकामा १५ आहे, तर टीएसआर लावल्यावर १३ च्या पलीकडे सहज जाईल, आणि ते १३ कॉइल आणि डायोडमधून सरळ १२ च्या लाइनवर येऊन बसतील. ४११६ ला १२ च्या दहा टक्के खालीवर चालतं, म्हणजे १३.२ कमाल. विजेचा दाब थोडा वाढला की हद्द पार. ७८०५ नालायक असला तरी तो ॲडॉप्टरला खाली खेचून धरतो हा त्याचा एक उपयोग आहे.

म्हणून क्रम असा ठेवा, आधी ॲडॉप्टर रेग्युलेटेड ९ व्होल्टचा, मग वाटलं तर टीएसआर. उलट नको.

रेट्रो_रश्मी

हो हे महत्त्वाचं आहे, माझा ॲडॉप्टर आधीपासून ९ व्होल्टचा एसएमपीएस (स्विचिंगचा, रेग्युलेटेड) आहे म्हणून माझ्याकडे १२ ची लाइन १२ च आहे, मी मोजलीये. जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्यांनी दादा म्हणतायत तसंच करा.

रत्नागिरीचा_बंड्या

आमच्याकडे उष्णतेपेक्षा दमटपणा जास्त म्हणून थोडी वेगळी गोष्ट सांगतो. १९८४ मध्ये शाळांत कॉम्प्युटर शिकवायचा सरकारचा क्लास प्रकल्प सुरू झाला तेव्हा शाळांना बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर दिले होते, त्यातला एक माझ्याकडे आहे. त्याच्यात सप्लाय आतच आणि एसएमपीएस, त्यामुळे तो तुमच्यासारखा भाजत नाही. पण त्यात मेनच्या (२३० व्होल्टच्या) लाइनवर पिवळसर पारदर्शक दिसणारे रिफाचे कागदी कपॅसिटर असतात, त्यांचं कवच तडकतं, आत दमट हवा जाते, आणि वर्षांनी प्लग लावला की काही मिनिटांत पांढरा धूर आणि असला घाण वास की घर सोडावं लागतं. ज्यांच्याकडे त्या काळातलं एसएमपीएसवालं काहीही आहे त्यांनी पहिल्यांदा चालू करायच्या आधी ते काढून पॉलिप्रॉपिलीनचे एक्स-टू क्लासचे टाकावेत. साधे टाकू नयेत, मेनच्या लाइनवर एक्स-टूच.

भुसावळकरांना याचा उपयोग नाही कारण त्यांच्यात ते नाहीत, पण लिहून ठेवलं.

भुसावळ_जंक्शन

सगळ्यांचे मनापासून आभार. सोल्डर सर, सांगितल्याप्रमाणे मोजलं. मशीन चालू असताना डीसी १०.२. एसी रेंजवर कपॅसिटर लावून १.८. आणि एक विचित्र गोष्ट दिसली, गरम झाल्यावर डीसी हळूहळू उतरत ९.७ ला आला आणि तेव्हाच पट्ट्या सुरू झाल्या. म्हणजे व्होल्ट कमी झाल्यावर त्रास होतोय, जास्त झाल्यावर नाही? मी तर उलटं समजत होतो.

तापमानपण मोजायचा प्रयत्न केला, कोरोनात घेतलेली कपाळावर धरायची गन होती, ती नुसतं हाय दाखवते.

पेठेतला_सोल्डर

वा, ९.७ चं निरीक्षण फार कामाचं आहे, त्याने सगळं उलगडलं.

एसी १.८ म्हणजे वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत साधारण ६ व्होल्टचा हेलकावा. (करवतीसारखी लहर असेल तर मीटरच्या आकड्याला साडेतीनने गुणायचं.) तुमचा १०.२ हा सरासरी आकडा आहे, प्रत्यक्षात ते दर सेकंदाला शंभर वेळा १३ पासून ७ पर्यंत वरखाली होतंय. आता ७८०५ ला ५ द्यायला कमीत कमी ७ आत लागतात. म्हणजे थंड असताना तुमचं मशीन अगदी काठावर चालतंय. मग ट्रान्सफॉर्मर तापतो, तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला ०.४ टक्के वाढतो, ५० डिग्री तापला की वीस टक्के, तेवढे व्होल्ट वाइंडिंगमध्येच पडतात, सरासरी १०.२ ची ९.७ होते आणि खालचं टोक साडेसहाला जातं. तिथे ५ ची लाइन सेकंदाला शंभर वेळा खचते. टीव्हीचं चित्र ५० च्या तालावर असतं, तो ताल आणि मेनचा ताल अगदी तंतोतंत जुळत नाही, म्हणून त्या पट्ट्या हळूहळू सरकताना दिसतात. अजून थोडं खचलं की रीसेट. तुमची वीस मिनिटं म्हणजे ट्रान्सफॉर्मर तापायला लागणारा वेळ.

कपॅसिटर टाकीसारखा असतो, दोन भरण्यांच्या मधे पुरवठा टिकवायचं त्याचं काम. ०.८ ॲम्पियरला २२०० मायक्रोफॅरड असेल तर हेलकावा तीन व्होल्टच्या आत राहतो. तुमचा ६ आहे म्हणजे तो हजाराच्या आसपास सुकलाय, किंवा दुकानदाराने मुळातच हजाराचा टाकलाय. तो गरम ट्रान्सफॉर्मरला चिकटून बसवला असणार, आणि अशा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा डिग्रीला निम्मं होतं. बरं, कपॅसिटर लहान पडतो म्हणून दुकानदाराने ट्रान्सफॉर्मर जास्त व्होल्टचा घातला असावा, खालचं टोक ७ च्या वर राहावं म्हणून. त्यामुळे वरचं टोक उगाच उंच, ७८०५ ला जास्तीचे व्होल्ट जाळायचे आणि ट्रान्सफॉर्मरवर ताण. एकाच डब्यात दोन्हीकडून त्रास.

तो डबा दुरुस्त करू नका. कपॅसिटर नवीन घातला तर पट्ट्या जातील, पण सरासरी व्होल्टेज वाढेल आणि ७८०५ अजून तापेल, शिवाय इन्सुलेशन भाजलेलं आहे ते भाजलेलंच. नवीन रेग्युलेटेड एसएमपीएस घ्या, ९ व्होल्ट, २ ॲम्पियर, चांगल्या कंपनीचा, बीआयएसची नोंदणीची खूण बघून. हेलकावा नावालाही राहणार नाही आणि ७८०५ ला बरोबर ३.२ वॅट.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. स्पेक्ट्रमच्या पिनला आतला भाग निगेटिव्ह, बाहेरची नळी पॉझिटिव्ह असते. बाजारातले राउटर, सेट टॉप बॉक्स, सगळ्यांचे ॲडॉप्टर याच्या उलट, आतला पॉझिटिव्ह. माप तेच, आतलं भोक २.१ मिलीमीटरचं, त्यामुळे घट्ट बसतो आणि मग मशीन जातं. लेबलवरचं गोलाचं चित्र बघा, आणि चित्रावर विसंबू नका, मीटर लावून खात्री करा. गिटारच्या पेडलचे ॲडॉप्टर योगायोगाने ९ व्होल्ट आतला निगेटिव्ह असेच असतात, वाद्यांच्या दुकानात मिळतात, पण त्यातले बरेचसे अर्ध्या ॲम्पियरचे किंवा त्याहून कमी असतात, ते चालणार नाहीत. दीड ॲम्पियरच्या वरचा मिळाला तर बिनधास्त लावा. नाहीतर राउटरवाला घेऊन पिन कापून वायर उलट्या जोडा, सोल्डर करा, श्रिंक स्लीव्ह घाला, आणि त्या ॲडॉप्टरवर मोठ्या अक्षरात फक्त स्पेक्ट्रम असं लिहून ठेवा, घरात दुसऱ्या कोणी उचलून राउटरला लावायला नको.

कपाळाची गन माणसाच्या तापासाठी असते, ४२-४३ च्या पुढे जात नाही. इंडस्ट्रियल आयआर (इन्फ्रारेड) गन आणली तरी चकचकीत ॲल्युमिनियमवर ती चुकीचं, फार कमी दाखवते. हीटसिंकवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर धरा.

नाशिक_मेकॅनिक

फॅनचा सल्ला मीच दिला असता खरं तर, पण वरचं वाचून पटलं. एक विचारतो, ९ च्या ऐवजी साडेसात व्होल्टचा एसएमपीएस लावला तर? हिशोबाने अडीच गुणिले ०.८ म्हणजे फक्त २ वॅट. ७ च्या वर तर आहेच.

पेठेतला_सोल्डर

हिशोब बरोबर आहे पण मी लावणार नाही. साडेसातमधून वायरमध्ये, जॅकमध्ये थोडे पडले की ७ ला आलोच. आणि ते १२ वाल्या बूस्ट सर्किटलाही मग जास्त उंच चढावं लागतं, टीआर-४ ला जास्त करंट ओढावा लागतो. टीआर-४ आधीच स्पेक्ट्रममधला सगळ्यात वारंवार जाणारा पार्ट आहे. तो गेला की १२ आणि उणे ५ जातात, आणि उणे ५ नसताना ४११६ ना ५ आणि १२ मिळत राहिले तर त्या स्वतः मरतात. जेमतेम सव्वा वॅट वाचवायला आठ चिप पणाला लावायच्या का? ९ वर राहा.

अजून कमी उष्णता हवी तर ९ च्या एसएमपीएसवर ताईंचा टीएसआर. तो उत्तम रस्ता आहे.

रेट्रो_रश्मी

भुसावळकर दादा, मशीन उघडणार असाल तर एक हात जोडून विनंती. स्पेक्ट्रम प्लसचा कीबोर्ड मेम्ब्रेनचा आहे, त्याच्या दोन पातळ प्लॅस्टिकच्या पट्ट्या मेन बोर्डच्या सॉकेटमध्ये घुसवलेल्या असतात. चाळीस वर्षांत त्या पापडासारख्या कडक झालेल्या असतात. खालचे स्क्रू काढल्यावर वरचा भाग झटकन उचलू नका. मागून हळू उघडा, थोडाच, आत बघा, आणि पट्टी सॉकेटच्या अगदी जवळ धरून सरळ वर काढा. वाकवली की तुटली. तुटली तर नवीन मेम्ब्रेन परदेशातून मागवावी लागते, म्हणून मी तर म्हणते उकाडा कमी झाल्यावर, निवांत वेळ असेल त्या दिवशी उघडा.

एकदा उघडलंत तर टीएसआर लावा किंवा न लावा, हे करून घ्या. ७८०५ चा स्क्रू काढा, मागची जुनी पांढरी पेस्ट खडूसारखी झालेली असेल, ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि नवीन थर्मल पेस्टचा अगदी पातळ थर लावून परत कसा. मधे इन्सुलेशनला अभ्रक वगैरे लागत नाही, ७८०५ चा मागचा पत्रा ग्राउंडच असतो. मग बोर्डवरचे इलेक्ट्रोलिटिक बदला, आतल्या उष्णतेने तेही सुकलेले असतात. बदलताना दिशा बघून, आधी फोटो काढून ठेवा. मूळचा ७८०५ काढलात तर फेकू नका, छोट्या पिशवीत घालून खोक्यातच ठेवा, उद्या कोणाला मशीन जसंच्या तसं हवं असेल तर परत लावता येतो.

बंद करायच्या आधी ४११६ वर मापं घ्या. आयसी ६ ते १३ या त्या आठ चिप. पिन १ ला उणे ५, पिन ८ ला १२, पिन ९ ला ५, आणि पिन १६ ग्राउंड. काळा प्रोब क्लिपने पक्का लावा आणि लाल प्रोब एकाच हाताने टेकवा, टोक घसरून शेजारच्या पिनला लागलं तर चिप जाते. युएलए ही मोठी चिपसुद्धा चांगली तापते, तिच्यावर छोटा हीटसिंक चिकटवला तर हरकत नाही, फक्त उंची बघा, वर कीबोर्डचा पत्रा आहे.

भुसावळ_जंक्शन

नवीन ॲडॉप्टर आणला. पुण्याला कामासाठी जाणारच होतो, पासोड्या विठोबाजवळच्या दुकानात ९ व्होल्ट २ ॲम्पियरचा मिळाला, आतला पॉझिटिव्ह होता म्हणून तिथेच दुकानदाराकडून पिन उलटी करून घेतली, घरी येऊन मीटरने परत तपासली. रिकामा ९.१, मशीन चालू असताना ९.०. एसीवर काहीच नाही, ०.०१-०.०२.

काल संध्याकाळी दोन तास चालवला. पट्ट्या नाहीत, रीसेट नाही. मामांनी स्वतः बेसिकमध्ये एक छोटा प्रोग्राम टाइप केला, त्यांना सगळे कीवर्ड कोणत्या बटणावर आहेत ते अजून पाठ आहेत. ॲडॉप्टर कोमट, कॉम्प्युटरची मागची बाजू गरम लागते पण हात ठेवता येतो. काळी टेप लावून मोजायचं ते उघडेन तेव्हा. रश्मीताई, कीबोर्डच्या पट्ट्यांचं लक्षात ठेवलंय, पाऊस सुरू झाल्यावरच उघडणार आणि टीएसआर तेव्हाच लावेन.

एक शेवटची शंका. आमच्याकडे लोडशेडिंग होतं, घरी जुना इन्व्हर्टर आहे. त्यावर चालवलं तर चालेल का?

पेठेतला_सोल्डर

आकडे एकदम व्यवस्थित आहेत. छान वाटलं वाचून, मामांना माझा नमस्कार सांगा.

इन्व्हर्टर प्युअर साइनवेव्हचा असेल तर प्रश्नच नाही. साधा स्क्वेअर वेव्हचा असेल (ट्यूब आणि फॅन घूं करत असतील तर तोच) तर जुना ट्रान्सफॉर्मरचा ॲडॉप्टर त्यावर कधीच लावू नका. चौकोनी लहरीतल्या हार्मोनिक्सने (५० च्या पटीतल्या जास्तीच्या लहरींनी) कोअर जास्त तापतो आणि गुणगुणतो. शिवाय साइनवेव्हचं शिखर २३० च्या १.४ पट असतं, कपॅसिटर त्या शिखरापर्यंत भरतो. चौकोनी लहरीला तसं शिखरच नाही, त्यामुळे मीटर २३० दाखवतो आणि ॲडॉप्टरमधून मात्र तीस टक्के कमी डीसी येतो. नवीन एसएमपीएसला कमी शिखर चालून जातं, तो १०० ते २४० कशावरही ९ च देतो, लेबलवर तशी रेंज लिहिलेली आहे का बघा.

पण लाइट जाताना इन्व्हर्टर पलटी घेतो तो क्षण जुन्या इन्व्हर्टरमध्ये मोठा असतो, मशीन रीसेट होईल आणि टाइप केलेला प्रोग्राम जाईल. मामा काही मोठं टाइप करत असतील तर मधे मधे कॅसेटवर सेव्ह करायला सांगा. आणि लाइट गेल्यावर बोर्डचं बटण बंद करून टाका, लाइट परत येताना पहिल्या काही सेकंदांत दाब खूप वरखाली होतो, तो स्थिरावल्यावरच चालू करा.

रत्नागिरीचा_बंड्या

बोर्डचं बटण बंद करायचं आमच्याकडे पावसात पण लागू, वीज कडाडायला लागली की प्लगच काढून ठेवायचा, टीव्हीच्या अँटेनाची वायरसुद्धा, कारण स्पेक्ट्रम त्याच टीव्हीला जोडलेला असतो.

भुसावळकर, टीएसआर लावल्यावर काळ्या टेपवरचे आधीचे आणि नंतरचे दोन्ही आकडे इथेच टाका, ४४ डिग्रीतले आकडे कोणाकडेच नाहीत.